पास-फेल की लेटर ग्रेड: अमेरिकेतील प्री-मेड विद्यार्थ्यांपुढचे दोन पर्याय

अमेरिकेतील बऱ्याच महाविद्यालयांत काही विषय ए, बी, सी, डी, एफ अशा लेटर ग्रेडऐवजी पास-फेल पद्धतीने घेता येतात, आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला पेपर अवघड गेला की प्री-मेड, म्हणजे पदवीनंतर मेडिकल स्कूलला जाऊ पाहणाऱ्या, विद्यार्थ्याला या सवलतीचा मोह होतोच. नीटच्या ७२० गुणांवर प्रवेश ठरताना पाहिलेल्या मराठी पालकांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण अमेरिकी मेडिकल स्कूलपुढे एमकॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांबरोबर पदवीची संपूर्ण ट्रान्सक्रिप्टही (सर्व विषयांची गुणपत्रिका) जाते आणि ती विषयवार वाचली जाते.

आधी हिशेब पाहू. बहुतेक मेडिकल स्कूलचे अर्ज ज्या अ‍ॅमकास सेवेमार्फत जातात, ती महाविद्यालयाचा जीपीए (ए म्हणजे ४, सी म्हणजे २ अशा ग्रेडच्या गुणांची क्रेडिटनुसार सरासरी) जसाच्या तसा न घेता स्वतः नव्याने काढते, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांचा जीपीए वेगळा दाखवते. समजा, एखाद्याचा ६० क्रेडिटचा जीपीए ३.६० आहे आणि त्यातील विज्ञानाच्या २४ क्रेडिटचा ३.५० आहे. चार क्रेडिटच्या ऑरगॅनिकमध्ये सी मिळाला, तर एकूण जीपीए ३.५० वर येईल. विज्ञानाचा मात्र थेट ३.२९ पर्यंत घसरेल. तोच विषय पास-फेलमध्ये घेतल्यास दोन्ही आकडे जागच्या जागी राहतात, कारण पास झालेली क्रेडिट अ‍ॅमकास वेगळी नोंदवते आणि जीपीएत धरत नाही.

एवढ्यावरून पास-फेलचे पारडे जड वाटेल, पण माझ्या मते मेडिकल प्रवेशासाठी पूर्वअट असलेल्या विज्ञान विषयांत ते तसे नाही. अनेक मेडिकल स्कूल अशा विषयांना लेटर ग्रेडच मागतात, आणि काही ठिकाणी किमान सी लागतो. जिथे पास चालतो, तिथेही वाचणारा त्या ‘पी’मागे (म्हणजे पासमागे) ए नव्हे, तर काठावरचा सी गृहीत धरण्याचा संभव अधिक. शिवाय पास झालेला विषय ग्रेडसाठी पुन्हा घेऊ देण्यास कित्येक महाविद्यालये तयार नसतात; मग वरच्या पातळीचा बायोकेमिस्ट्रीसारखा विषय चांगल्या ग्रेडने पूर्ण करून दाखवणे एवढाच मार्ग उरतो. सी पदरात पडला तरी तो मार्ग खुला असतोच, आणि पूर्वअटही बहुधा पूर्ण झालेली असते. म्हणून सी मिळण्याची खात्री असेल, तर तो घ्यावा. डी किंवा एफची भीती असेल, तर पासपेक्षा मुदतीत विषय सोडून ट्रान्सक्रिप्टवर एखादा ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची नोंद) स्वीकारणे बरे, कारण तोही जीपीएत येत नाही आणि विषय पुन्हा ग्रेडसह घेता येतो. मात्र आधी डी घेऊन विषय पुन्हा घेतला, तर अ‍ॅमकास दोन्ही ग्रेड मोजते, महाविद्यालयाने जुनी पुसली असली तरीही.

चित्रकला, संगीत किंवा हौसेने घेतलेली परदेशी भाषा पास-फेलमध्ये घ्यायला हरकत नाही. अशा एखाद्या ‘पी’ने अर्ज अडत नाही. इंग्रजी लेखन आणि संख्याशास्त्र मात्र या यादीत धरू नयेत. पहिला विषय अनेक ठिकाणी पूर्वअट असतो आणि दुसरा अ‍ॅमकासच्या हिशेबात गणितात मोडतो.

विद्यार्थ्याने निवडलेला पास आणि महाविद्यालयाने सर्वांना लावलेला पास यांत मोठा फरक आहे. एमआयटीत पहिल्या सेमिस्टरला लेटर ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर येतच नाहीत, आणि २०२० च्या वसंत सेमिस्टरमध्ये कोविडमुळे अनेक विद्यापीठांनी पास-फेल लागू केले, तेव्हा कित्येक मेडिकल स्कूलनी ते मान्य केले. सवलत ऐच्छिक असताना ती घेणाऱ्याला एवढी मोकळीक मिळेल असे समजू नये. (मेडिकल स्कूलमध्ये पोहोचल्यावर चित्र पालटते: तिथली सुरुवातीची वर्षे अनेक ठिकाणी पास-फेलच असतात, आणि परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पाही २०२२ पासून तसाच झाला आहे.)

निर्णय घेण्यापूर्वी, ज्या मेडिकल स्कूलना अर्ज करायचा आहे त्यांच्या अटी तपासाव्यात. विशेषतः राहत्या राज्यातील सरकारी मेडिकल स्कूलच्या, कारण तिथे स्थानिक विद्यार्थ्याला सहसा प्राधान्य असते. हे काम पास-फेल निवडण्याची आणि विषय सोडण्याची मुदत संपण्याआधी, अ‍ॅडव्हायझरला भेटून उरकावे.