गावात बगीचा करावा की बन?

गेल्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या चार-पाच ग्रामपंचायतींतली माणसं हाच प्रश्न घेऊन आली. निधी आलाय, बाजारतळालगत अर्धा एकर रिकामी आहे, गावाला बसाय-उठायला काहीतरी करायचंय. मग हिरवळ, कारंजं, झोपाळे, भोवती भिंत आणि फाटक असा रीतसर बगीचा करावा, की नुसती झाडं लावून बन उभं करावं? मी पंचायतीत सदस्य होतो तेव्हा पहिल्या खेपेला बगीचा केला, दुसऱ्या खेपेला बन. दोन्ही आजही आहेत, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. सांगतोय ते बघितलेलं आहे, मोजलेलं नाही. आमचं गाव सोलापूरपासून मोहोळकडच्या अंगाला, काळ्या मातीचं. तुमच्याकडे मुरूम असेल, बारमाही पाणी असेल, तर हिशेब वेगळा निघू शकतो.

बगीच्याच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्याला नावं ठेवणं सोपं आहे. वर्षाच्या आत तयार होतो. उद्घाटन होतं, कोनशिला बसते, लेकरं पहिल्याच संध्याकाळी घसरगुंडीवर रांग लावतात. पोरींना आणि सुनांना संध्याकाळी दिव्याच्या उजेडात चार फेऱ्या मारायला हक्काची जागा मिळते, ही गोष्ट लहान नाही. गावात येणारा अधिकारी मोबाईल काढून फोटो घेतो आणि पुढच्या निधीचं बोलणं जरा सोपं जातं. बनाचा फोटो पहिली तीन वर्षं कुणी काढत नाही, कारण काढण्यासारखं काही नसतंच.

पाण्याचं सगळ्यांना माहीत आहे, तरी एकदा आकडा मांडून बघा. आमची हिरवळ दहा गुंठ्यांची. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरलं तरी दिवसाला पाच हजार लिटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा एक टँकर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते नव्वद माणसांचं रोजचं पाणी होतं. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात. एप्रिलात बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत असताना पंचायतीने हिरवळीवर फवारा सोडायचा, हे कुठल्याही सरपंचाला जमत नाही. आम्हालाही जमलं नाही. मेपर्यंत हिरवळ कडब्याच्या रंगाची झाली. काळ्या मातीने आपलं काम केलं ते वेगळंच. भेगा पडल्या, पेव्हर ब्लॉक कुठे उचलले, कुठे बसले आणि भिंतीला दोन ठिकाणी चीर गेली.

एवढं होऊनही मी बगीच्याच्या बाजूनेच होतो. बोअर मारू, ठिबक टाकू, निभावून नेऊ असंच वाटत होतं. माझं मत फिरलं ते कुलपामुळे.

बगीचा म्हटला की भिंत आली, भिंत आली की फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. ते लावावं लागतंच. नाही तर शेळ्या हिरवळ खातात आणि रात्री कारंज्याचे नळ जातात. मग वेळ ठरते: सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. शहरात ही वेळ बरोबर आहे. भुईकोट किल्ल्यालगतच्या बागेत किंवा सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला येणारा माणूस नोकरी, दुकान सांभाळून येतो. त्याला सकाळ आणि संध्याकाळच मोकळी असते. शेतकऱ्याचं उलटं आहे. सकाळी त्याची धार, पाणी, फवारणी. संध्याकाळी वैरण आणि परत धार. त्याला टेकायला वेळ मिळतो दुपारी बारा ते चार. रविवारही त्याचा नाही, त्याची सुट्टी म्हणजे बाजाराचा दिवस.

एप्रिलातला गुरुवार होता. गुरुवार आमचा बाजार. साधारण एकच्या सुमाराला मी पंचायतीतून निघालो, तर बगीच्याच्या भिंतीला पाठ लावून सात-आठ बाया बसलेल्या. भिंतीची सावली हातभर रुंद, त्यात पाय आखडून एका ओळीत. रिकाम्या पाट्या पुढे उन्हात. त्यात माझी चुलती. वांगी विकून झाली होती, एसटी तीनला होती. मी म्हटलं, "काकू, इथं कशाला बसलाय? थांबा, किल्ली आणतो, आत बाकावर बसा." किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला घरी. काकू म्हणाल्या, "राहू दे रे. आत सावली कुठंय? भिंतीची सावली भाईरच पडती की."

मी फाटकातून आत बघितलं. सिमेंटचे बाक, त्यांवर देणगीदारांची नावं, सिमेंटचा मोर, आणि सगळ्यावर पांढरं ऊन. त्या बाकावर दुपारी कुणी बसलं असतं तर चटकाच बसला असता. आम्ही लाखो रुपये खर्चून आत जे केलं होतं ते गावाला नको होतं, आणि गावाला जे हवं होतं ते आमच्या हातून चुकून बाहेर पडलं होतं, तेही हातभर. दुसऱ्या खेपेला बनाचा ठराव मीच मांडला.

आता बनाविषयी. पहिली तीन वर्षं बन म्हणजे डोकेदुखी. पाच-पाच मीटरवर खड्डे घेतले तर अर्ध्या एकरात ऐंशीएक झाडं बसतात. खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून तापू द्यावेत. रोपं आम्ही जूनच्या पहिल्या पावसाला न लावता ऑगस्टअखेर लावली, कारण आपल्याकडे जुलै बऱ्याचदा कोरडा जातो. उन्हाळ्यात आठवड्याला झाडामागे वीस लिटर घातलं. म्हणजे सगळ्या बनाला आठवड्याचे सोळाशे लिटर, हिरवळीच्या एका दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. रोजगार हमीतून संगोपनाची तीन वर्षांची मजुरी बसवता आली, त्यामुळे पाणी घालणारा माणूस होता. चौथ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद.

शेळ्या मात्र पाण्यापेक्षा भारी पडतात. लोखंडी ट्री गार्ड बसवले, निम्मे चोरीला गेले. शेवटी बाभळीच्या फांद्यांचं काटवण प्रत्येक रोपाभोवती लावलं, ते कुणी चोरलं नाही. तरीही पंधराएक रोपं गेली, ती पुन्हा लावली.

झाडं कोणती, यावर लोक फार भांडतात. माझी एकच कसोटी आहे: ते झाड एप्रिलात जाऊन बघा. गुलमोहर मे महिन्यात फुलांनी पेटतो खरा, पण ऐन चैत्रात त्याच्या नुसत्या फांद्या असतात. करंजाला आणि कडुनिंबाला त्याच सुमारास नवी पालवी येते आणि करंजाची सावली इतकी दाट असते की खाली अंथरूण टाकावं. चिंच उत्तम, पण हळू वाढते आणि पोरं दगड मारतात, म्हणून ती रस्त्यापासून आत. कोपऱ्यांवर वड आणि पिंपळ एकेक. जून-जुलैत निंबोळ्यांचा चिकट सडा पडतो, तो झाडावा लागतो. खाली बाक नकोत. शहाबादी फरशीचे ओटे करा, सावलीत ते दुपारीही गार राहतात. हल्ली घनवनाचंही बरंच चाललंय, चौरस मीटरला तीन-तीन रोपं. पाखरांसाठी झकास. माणसाला त्यात शिरता येत नाही, तेव्हा तो निराळा विषय.

बनाचे तोटे झाकत नाही. पत्ते कुटणारी मंडळी पहिल्या सावलीबरोबर हजर होतात. रात्री बाटल्या. संध्याकाळी दिवेलागणीनंतर बायका तिकडे फिरकत नाहीत, आणि फिरायच्या पट्ट्याच्या बाबतीत बगीचा आजही वरचढ आहे. लहान लेकरांना बनात दोन टायरचे झोके आहेत, बास. ओपन जिम आम्ही दोन्हीकडे घेतली नाही. ग्रीस कोण घालणार, हा प्रश्न आधीच विचारला होता.

आणि सरपंचाची मुदत पाच वर्षं, बनाला सावली धरायला सहा. कोनशिला लावायची वेळ येते तेव्हा खुर्चीत दुसराच असतो. माझ्या मते गावोगाव बगीचे का होतात आणि बनं का होत नाहीत, याचं बरंचसं उत्तर यात आहे. वरून आराखडे करणाऱ्यांचंही तेच. लेआउटला दहा टक्के ओपन स्पेस सोडा, हा नियम वस्तीसाठी ठीक आहे, पण आमच्यासारख्या भागात माणूस दिवसभर जिथे खोळंबतो त्या जागा म्हणजे बाजारतळ, एसटी थांबा, बँकेचं दार आणि दवाखान्याचा ओटा. तिथे सावली नसते आणि कुठल्याच आराखड्यात ती उद्यान म्हणून धरलेली नसते.

जागेबद्दल दोन गोष्टी सांभाळा. गायरान घेणार असाल तर कागद नीट करा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं, त्याच वर्षी जुलैत आपल्या शासनाचाही निर्णय निघाला. बांधकाम म्हटलं की शंभर प्रश्न येतात, झाडं म्हटली की त्यामानाने कमी. दुसरं, माळरान दिसलं म्हणून झाडं ठोकू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. ते गवताळ माळ म्हणूनच मोलाचं आहे. काळविटाला आणि माळढोकाला मोकळा माळ लागतो. बन गावालगत, माणसांच्या पायाशी हवं.

तुमच्याकडे नगरपरिषद असेल, दोन पगारी माळी असतील, कॅनॉलचं किंवा बारमाही विहिरीचं पाणी असेल, तर खुशाल बगीचा करा. तसं नसेल तर मी तरी बनाकडे झुकेन. बजेट दोन्हींना पुरत असेल तर आधी बन लावा, झाडं मोठी होईपर्यंत बगीच्याचा विचार करायला सहा वर्षं मिळतील.

आमच्या बगीच्याचं काय झालं, असं पुढचं विचारलं जातं. तीन वर्षांपूर्वी फाटकाचं एक दार काढलं, हिरवळीच्या जागी करंज लावले, मोर आहे तिथेच ठेवला. कुलूप वाया गेलं नाही. पाणीपुरवठ्याच्या मोटारीच्या पेटीला लावलंय.