आजीच्या जन्मदाखल्यावरून आयर्लंडचे नागरिकत्व: फॉरेन बर्थ्स रजिस्टरच्या सेवेविषयी

आयर्लंडचा परराष्ट्र व्यवहार विभाग ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’ नावाची एक नोंदवही ठेवतो. ज्यांचा जन्म आयर्लंडबाहेर झाला, पण ज्यांच्या आजी-आजोबांपैकी एक जण तरी आयर्लंडच्या बेटावर जन्मला होता, अशांना या नोंदवहीत नाव दाखल करून त्या देशाचे नागरिक होता येते. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या यजमानांच्या आईची आई आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्मलेली, त्यामुळे २०१६ च्या ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, कौलानंतर इथल्या असंख्य घरांप्रमाणे आमच्याही घरात हा विषय निघाला आणि कागदपत्रे जमवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की ही सेवा संथ असली तरी चोख आहे, आणि तिचा खरा लाभ उठवायचा असेल तर अर्ज करण्याआधी घरातल्या सर्वांच्या जन्मतारखा समोर घेऊन बसले पाहिजे.

याचे कारण कायद्यात आहे. १९५६ च्या आयरिश राष्ट्रीयत्व व नागरिकत्व कायद्यानुसार बेटावर जन्मलेल्या आयरिश नागरिकाचे अपत्य जगात कुठेही जन्मले तरी ते जन्मतःच नागरिक असते. माझ्या सासूबाईंना म्हणूनच कोणत्याही नोंदवहीची गरज पडली नाही, त्या थेट पासपोर्टसाठी अर्ज करू शकल्या. बेट म्हणजे संपूर्ण बेट, त्यात उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटीही आल्या. नातवंडांना मात्र नोंद करावी लागते, आणि त्यांचे नागरिकत्व नोंद झाल्याच्या दिवसापासून सुरू होते. ते मागे जाऊन जन्मापासून लागू होत नाही. पुढच्या पिढीचा प्रश्न इथेच अडतो. आई किंवा वडील नोंदवहीत येण्यापूर्वी जन्मलेल्या मुलांना त्या नोंदीचा काहीच उपयोग होत नाही. माझे यजमान आणि माझे थोरले दीर यांनी एकाच सुमारास अर्ज केले व दोघांचीही नोंद झाली. आमची मुलगी त्यानंतर जन्मली, म्हणून तिचा अर्ज करता येतो, आणि दिरांची मुले आधीच शाळेत जात होती, म्हणून त्यांचा करता येत नाही. आजी तीच, दाखले तेच, तरी एका चुलत भावंडाला जे मिळते ते दुसऱ्याला मिळत नाही. मला हा नियम कठोर वाटतो, पण तो संदिग्ध नाही आणि विभाग तो लपवतही नाही. बाळाची चाहूल लागलेल्या अर्जदारांना तातडीने निर्णय मिळावा अशी विनंती करण्याची सोय ठेवलेली आहे, हे मला या सेवेतले सर्वांत समंजस कलम वाटते.

आता कागदपत्रांविषयी. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची छापील प्रत काढायची, साक्षीदारासमोर सही करायची आणि मूळ दाखल्यांसह सगळे टपालाने आयर्लंडला पाठवायचे, असा क्रम आहे. तीन पिढ्यांची साखळी जोडावी लागते: आजीचा जन्म, विवाह व मृत्यू, आईचा जन्म व विवाह, आणि अर्जदाराचे स्वतःचे दाखले. जन्मदाखला सविस्तर हवा, म्हणजे आईवडिलांची नावे असलेला. संक्षिप्त दाखला चालत नाही. साक्षीदार शिक्षक, डॉक्टर, वकील अशा ठरावीक व्यवसायांतला, अर्जदाराला ओळखणारा, पण नात्यातला नसलेला असावा लागतो. पत्त्याचे पुरावे आणि फोटो यांचे नियम सूचनापत्रात नीट दिलेले आहेत, ते शब्दशः पाळावेत.

या सगळ्यात खरे कष्ट लागतात ते आजीच्या जन्माची नोंद शोधायला. आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली आणि शंभर वर्षांहून जुन्या जन्मनोंदींच्या पानांची छायाचित्रे आयरिश जिनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. आजीच्या नोंदीचे पान पडद्यावर आले तेव्हा त्या एका आडव्या ओळीत केवढी माहिती मावली होती हे पाहून मी थक्क झाले: जन्माची तारीख व गाव, वडिलांचे नाव आणि ‘शेतकरी’ हा व्यवसाय, आईचे माहेरचे आडनाव, खबर देणाऱ्याचे नाव आणि निबंधकाची सही. मात्र घरात जे नाव चालत होते तेच नोंदीत सापडेल असे गृहीत धरू नये. ब्रिजेट नावाच्या मुलींना घरी सर्रास डीलिया किंवा ब्राइडी म्हणत, आडनावाआधीचा ‘ओ’ कधी लावत, कधी गाळत, आणि वयही सोयीने सांगत. म्हणून नावापेक्षा आईचे माहेरचे आडनाव आणि गाव यांवर भर द्यावा. कुटुंब नेमके कुठे राहत होते हे ठाऊक नसेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराने खुल्या केलेल्या १९०१ व १९११ च्या जनगणना फार कामी येतात. त्याआधीच्या शतकातल्या जनगणनांची आशा मात्र धरू नये, कारण त्यांतल्या ज्या उरल्या होत्या त्यांपैकी बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या संकुलात लागलेल्या आगीत गेल्या.

शुल्क प्रौढांसाठी २७८ युरो आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी १५३ युरो आहे, टपालखर्च त्यातच धरलेला. आयर्लंडच्या निबंधक कार्यालयातून दाखल्याची प्रमाणित प्रत २० युरोंना मिळते. आम्हाला एका खासगी सल्लागाराने याच्या कित्येक पट रक्कम सांगितली होती, आणि बदल्यात तो करणार होता ते काम कोणत्याही चिकाटीच्या माणसाला घरबसल्या जमण्यासारखे आहे. वंशावळ सरळ असेल तर असा खर्च करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. दत्तकविधान किंवा गहाळ नोंदी यांसारखी गुंतागुंत असेल तर गोष्ट वेगळी.

वेळ हा या सेवेचा कमकुवत भाग आहे. करोनाच्या साथीत हे काम बरेच महिने थांबले होते आणि नंतर प्रतीक्षा दोन वर्षांच्या घरात गेली. त्यानंतर ती सर्व कागद पोहोचल्यापासून नऊ महिन्यांच्या आसपास आली होती. एखादा कागद राहिला तर वेळ आणखी वाढतो, म्हणून पाकीट बंद करण्यापूर्वी यादी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावी. नोंद झाली की प्रमाणपत्र येते आणि मूळ दाखले परत मिळतात. प्रमाणपत्र म्हणजे पासपोर्ट नव्हे. त्यासाठी पासपोर्ट सेवेकडे वेगळा ऑनलाइन अर्ज करावा लागतो. दहा वर्षांच्या प्रौढ पासपोर्टचे शुल्क ७५ युरो आहे आणि तो टप्पा पहिल्याच्या तुलनेत अगदी सुकर आहे.

मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. आयरिश नागरिकाशी विवाह केल्याने पती किंवा पत्नीला नागरिकत्व आपोआप मिळत नाही. त्यासाठी विवाहाला तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि बेटावर तीन वर्षांचे वास्तव्य लागते, त्यामुळे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या पासपोर्टवर या सगळ्याचा काहीही परिणाम झालेला नाही. दुसरी गोष्ट भारतीय पासपोर्टधारकांची, ज्यांत आयरिश आजोबा असलेली भारतातली अँग्लो-इंडियन कुटुंबेही आली. आयर्लंडला दुहेरी नागरिकत्व चालते, परंतु भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपते, आणि त्यानंतर पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीयांसाठीचे ओळखपत्र) घेण्याचा मार्ग उरतो. अशा कुटुंबांनी हा निर्णय डब्लिनला शुल्क भरण्यापूर्वी घ्यावा, कारण अर्ज मागे घेतला तरी ते शुल्क परत मिळत नाही.