‘कुठलाही फोटो चालेल’ म्हणाले, तिथेच मी थांबायला हवं होतं

आमची कुत्री चिंगी गेल्या पावसाळ्यात गेली. अकरा वर्षं घरात होती. मूळची रस्त्यावरचीच. नसबंदी करून सोडलेल्या कुत्र्यांच्या कानाला खूण म्हणून खाच पाडतात, तशी तिच्या डाव्या कानाला होती. बाबा तिला जवळ घेऊन बसले की त्यांचं बोट नेमकं त्या खाचेवर फिरायचं. ती गेल्यावर बाबांनी सकाळचं फिरणं सोडलं. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला चिंगीचं तैलचित्र द्यायचं मी ठरवलं.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. हाताने रंगवलेलं, कॅनव्हासवर, दहा दिवसांत घरपोच. ब्रशच्या दोन-चार फटकाऱ्यांत कुत्र्याचं ओलं नाक उमटतंय असा एक व्हिडिओ होता, तो मी किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. १२ बाय १६ इंचाचे ६,५०० रुपये, निम्मे आगाऊ. मी पाच फोटो पाठवले. एक दिवाळीच्या रात्री फ्लॅश मारून काढलेला, त्यात डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. एक उभ्याने वरून काढलेला, डोकं मोठं आणि पाय काडीसारखे. बाकीचे आमच्याच नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून फिरून आलेले. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: “सगळे छान आहेत मॅडम, कुठलाही चालेल.”

मला ते बोलणं गोड वाटलं. आज कळतं की त्यांनी फोटो उघडूनही पाहिले नव्हते.

मी पैसे भरले. तीन दिवसांनी निरोप आला की फोटोची क्वालिटी कमी आहे, तो ‘एचडी’ करून घ्यायला १,८०० रुपये वेगळे लागतील. चित्र अर्ध्यावर अडेल या भीतीने तेही दिले. सहाव्या दिवशी तयार चित्राचा छोटासा फोटो आला आणि उरलेले ३,२५० मागितले. एकूण ८,३०० रुपये गेले. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव दुसऱ्याच कुठल्यातरी व्यक्तीचं होतं. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

पार्सल बाबांनीच उघडलं. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “ही आपली चिंगी नव्हे.” दोन्ही कान अखंड होते. डोळे चकचकीत, तपकिरी, कुठल्याही कुत्र्याचे असावेत तसे.

मग मी ते उजेडात धरलं. तेलरंगाचा वास अजिबात नव्हता. वर ब्रशचे उंचवटे होते, पण ते नाकावरून, केसांवरून, मागच्या भिंतीवरून एकाच दिशेने गेलेले. खालच्या आकाराशी त्यांचं काही नातं नाही. छापलेल्या चित्रावर पारदर्शक जेल फासलं की असं दिसतं. बाबांचं पेपर वाचायचं भिंग लावलं तर रंगाच्या जागी बारीक बारीक ठिपके. आणि एक साधी गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती: तैलचित्र सहा दिवसांत गुंडाळून कुरिअर करण्याइतकं सहसा वाळत नाही. त्यांच्या पानावरचे नमुने फोटोवरून शोध घेणाऱ्या गुगल लेन्समध्ये टाकले, तर त्यातली दोन चित्रं परदेशातल्या एका चित्रकाराच्या पानावर मिळाली. पैसे देण्याआधी हे केलं असतं तर पाच मिनिटं लागली असती.

तक्रार केल्यावर उत्तर आलं की फोटोवरून बनवलेली वस्तू परत घेत नाही. हे ऐकून गप्प बसू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार जाहिरातीत सांगितलं त्यापेक्षा वेगळा माल दिला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. मी हे लिहून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला: “मॅडम, रिफंड देतोय. पाठवलेला क्यूआर स्कॅन करा, पिन टाका.” माझा भाचा शेजारीच बसला होता, त्याने हातातून फोन काढून घेतला. पैसे खात्यात यायला पिन लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. असा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. मी नाही म्हटल्यावर त्यांनी मला ब्लॉक केलं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे देऊन दोन आठवडे उलटले होते. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. मी ती वेळ घालवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही तक्रार आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझी तयारी चालू आहे. म्हणून सांगते, चॅट, पावती, पार्सलवरची चिठ्ठी, काहीही डिलीट करू नका.

मी राहते कोल्हापुरात. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांचं गाव, गल्लीगल्लीत चित्रकार. तरी मी अनोळखी पानावर गेले, याचं मला फार वाईट वाटतं. शेवटी मंगळवार पेठेतल्या एका चित्रकारांकडे गेले. त्यांनी तेच पाच फोटो टेबलावर एकेक करून बाजूला सारले. “ताई, ह्यात डोळाच दिसत न्हाई. मी काय काढू?” पैशाचं बोलणं त्यांनी काढलंच नाही, आधी फोटो आणा म्हणाले.

त्यांनी जे समजावलं ते ज्यांचं जनावर आज घरात आहे त्यांनी आजच करावं. माझ्या हातून ती वेळ गेली. आपण जमिनीवर बसायचं, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. खिडकीचा किंवा ओसरीचा उजेड एका बाजूने येऊ द्यायचा, त्यानेच नाकाचा आणि गालाचा उठाव दिसतो. फ्लॅश नको. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळ्याचा खरा रंग जातो. मोबाइल तोंडाशी नेला की नाक फुगतं, म्हणून मागे सरून दुप्पट झूमवर काढायचं आणि स्क्रीनवर डोळ्यावर बोट ठेवून फोकस करायचा. बिस्किटाचा पुडा लेन्सच्या वर चुरचुरवला की कान आपोआप उभे राहतात. काळं जनावर असेल तर भर उन्हात नको, सावलीत उजेडाकडे तोंड करून बसवायचं, नाहीतर केस म्हणजे नुसता काळा डाग होतो. खूण, व्रण, कानाची खाच यांचे जवळून वेगळे फोटो घ्यायचे. आणि पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचे. साध्या पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते. १२ बाय १६ इंचाचा नीट प्रिंट काढायचा तरी ३,६०० बाय ४,८०० पिक्सेल लागतात. चित्रकाराला तेवढे लागत नाहीत, पण केसांची दिशा दिसायला मूळ फाइलच हवी.

कपाटातला जुना फोन चार्ज केला. त्यात २०१९ चा एक फोटो निघाला: चिंगी उंबऱ्यावर, सकाळचं ऊन डावीकडून, आणि बाबा पायरीवर बसले होते म्हणून कॅमेरा तिच्याच उंचीवर. कानाची खाच स्पष्ट.

चित्राला अडीच महिने लागले. मध्ये दोनदा त्यांनी स्टुडिओत बोलावून अर्धवट चित्र दाखवलं, दुसऱ्या वेळी बाबाही आले आणि शेपटीचं टोक पांढरं होतं हे त्यांनी सांगितलं. आता ते बाबांच्या खोलीत आहे. रंग आतून अजून ओला आहे, म्हणून कानाला हात लावू नका, असं बाबांना रोज सांगावं लागतं.