मलेरियाचं रॅपिड किट: तीन रेघांच्या कॅसेटचं परीक्षण

बोटातून रक्ताचा थेंब काढा, कॅसेटवर सोडा, वर बफर (खोक्यातल्या बाटलीतला द्रव) टाका आणि पंधरा-वीस मिनिटांनी रेघा मोजा. काचपट्टी रंगवायला नको, सूक्ष्मदर्शक नको, वीजही नको. हिवतापाच्या तपासणीत या किटाने मोठी सोय केली आहे, यात वाद नाही. तक्रार आहे ती त्याला भलतेच प्रश्न विचारले जातात याबद्दल. आणि खोक्यातल्या एका फालतू प्लास्टिकच्या तुकड्याबद्दलही, पण ते पुढे.

हे परीक्षण कॉम्बो किटचं आहे. एचआरपी-२ आणि पीएलडीएच ही परजीवीची दोन प्रथिनं ते शोधतं. कंट्रोलची धरून एकूण तीन रेघा. एचआरपी-२ फक्त फाल्सिपेरम जातीचा परजीवी बनवतो आणि भरपूर प्रमाणात रक्तात सोडतो. पीएलडीएच हे साखरेतून ऊर्जा काढायला लागणारं विकर, त्यामुळे ते हिवतापाच्या सगळ्याच जातींमध्ये सापडतं. पहिल्याची रेघ 'पीएफ', दुसऱ्याची किटप्रमाणे 'पॅन' (सगळ्या जातींसाठी) किंवा 'पीव्ही' (फक्त व्हायवॅक्स जातीसाठी). दुसऱ्या रेघेची ही अक्षरं विकत घेतानाच वाचून घ्या, कारण निकालाचा अर्थ त्यावरच फिरतो. 'पीव्ही'च्या किटमध्ये दोन्ही रेघा उमटल्या तर फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स अशी मिश्र लागण असते. 'पॅन'च्या किटमध्ये दोन्ही उमटल्या तर ती निव्वळ फाल्सिपेरमचीही असू शकते. तिला सरसकट 'मिक्स' म्हणून मोकळं होणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

फक्त एचआरपी-२ शोधणारं दोन रेघांचं किट घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. काही फाल्सिपेरम परजीवींमध्ये हे प्रथिन बनवणारं जनुकच गळून गेलेलं असतं. २०१० मध्ये पेरूच्या अॅमेझॉन भागातून याची पहिली नोंद झाली, पुढे एरिट्रियात प्रमाण इतकं वाढलं की त्या देशाला किटच बदलावं लागलं. असा परजीवी दोन रेघांच्या किटला दिसतच नाही. 'पॅन'च्या कॉम्बोत निदान ती रेघ उमटण्याची शक्यता राहते.

आता तो प्लास्टिकचा तुकडा. बहुतेक किटना ५ मायक्रोलिटर रक्त लागतं, म्हणजे बोटावर फुगलेल्या थेंबाचा लहानसा अंश. ते मोजून उचलायला खोक्यात कुठे तारेच्या फासासारखी लूप असते, कुठे दाबायचा ड्रॉपर, कुठे उलट्या पेल्यासारखं टोक. पेल्याचं टोक सगळ्यांत बरं: थेंबाला टेकवलं की आपोआप भरतं, पॅडला टेकवलं की रिकामं होतं. ड्रॉपर सगळ्यांत वाईट, कारण दाब सोडताना रक्त खुणेच्या वर चढतं आणि मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो. रक्त जास्त पडलं की पट्टीची पार्श्वभूमी लाल राहते आणि फिकी रेघ त्यात बुडते. कमी पडलं तर मुळात असलेली रेघही उमटत नाही. दोन्ही वेळा कंट्रोलची रेघ मात्र ठसठशीत दिसते! पुष्कळांना ती रेघ म्हणजे तपासणी बिनचूक झाल्याची पावती वाटते. प्रत्यक्षात बफर पट्टीभर वाहिला आणि रंगाचे कण शाबूत आहेत, एवढंच ती सांगते. रक्त पुरेसं पडलं की नाही हे तिला कळत नाही.

टोचायला मधलं किंवा करंगळीशेजारचं बोट घ्यावं, टोकाच्या मधोमध न टोचता कडेला. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं, नाहीतर रक्तपेशी फुटतात आणि थेंब पसरतो. बफरची बाटली अगदी उभी धरावी. तिरकी धरली की थेंब लहान पडतो. थेंब किती टाकायचे ते त्या-त्या किटच्या पत्रकात असतं, दुसऱ्या किटची सवय इथे चालत नाही. बफर संपला म्हणून दुसऱ्या कंपनीच्या खोक्यातला घालणं, किंवा सलाईन अथवा साधं पाणी घालणं हा प्रकार सर्वांत घातक. पाण्यावर निरोगी माणसाच्या रक्तातही खोटी रेघ उमटू शकते. काही खोक्यांत पंचवीस कॅसेटला एकच बाटली देतात, ही बनवणाऱ्यांची कंजुषी; एकेका तपासणीपुरत्या कुप्या असलेलं खोकं मिळालं तर तेच घ्यावं.

वेळ घड्याळ लावूनच पाळावी. पत्रकात १५ मिनिटं असतील तर दहाव्या मिनिटाला निगेटिव्ह ठरवू नये आणि कमाल मर्यादा उलटल्यावर उमटलेली रेघ धरू नये. कॅसेट तासाभराने पुन्हा बघून 'आता रेघ आली' म्हणणाऱ्यांना आवरावं लागतं. सुकताना रंग मागे ओढला जातो आणि रेघेचा भास होतो. वेळेत दिसलेली रेघ मात्र कितीही फिकी असली तरी पॉझिटिव्हच.

साठवणुकीत किट तसं सोशिक आहे, पण अमर नाही. कमाल तापमान पाकिटावर छापलेलं असतं, साधारणपणे ३० किंवा ४० अंश. बंद गाडीत उन्हात राहिलेलं खोकं बाद समजावं, बर्फात गोठलेलंही. पाकीट फोडलं की आतल्या सिलिका जेलच्या पुडीचा रंग बघा. बदललेला असेल तर दमट हवा आत शिरली आहे, ती कॅसेट टाकून द्या. रुग्ण समोर बसल्याशिवाय पाकीट फोडूच नये.

कॅसेट सगळं नीट करूनही कुठे कमी पडते? जागतिक आरोग्य संघटनेने किटची तुलना करताना मुख्य कसोटी धरली ती रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमागे २०० परजीवी ही. त्याहून बरेच कमी असले तर किट हुकू शकतं, तिथे अनुभवी टेक्निशियन काचपट्टीवर त्यांना पकडतो. म्हणून ताप हटत नसेल तर निगेटिव्ह निकालावर विसंबू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करावी, शक्यतो काचपट्टीसह. उलटही घडतं: परजीवी अतोनात असले की एचआरपी-२ इतकं होतं की रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. अत्यवस्थ रुग्णाचं किट निगेटिव्ह आलं तर हे लक्षात ठेवा. ओव्हेल, मलेरिई आणि नोलेसी या जातींच्या बाबतीत 'पॅन' रेघ फारशी भरवशाची नाही. संधिवाताच्या काही रुग्णांच्या रक्तातल्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरमुळे खोटी रेघ येते, तीही कधीमधी भेटते.

'औषध लागू पडलं का?' हा प्रश्न तर या किटला विचारूच नये. परजीवी मरून गेल्यावरही एचआरपी-२ रक्तात काही आठवडे रेंगाळतं, कधी महिन्याहून जास्त. औषध पूर्ण घेऊन बऱ्या झालेल्या माणसाची पीएफ रेघ पाहून पुन्हा गोळ्या सुरू करणं म्हणजे निव्वळ छळ. परजीवी किती हे किट सांगत नाही, त्यामुळे उपचारानंतरची मोजदाद काचपट्टीवरच होते.

रेघ आल्यावर पुढचं काम डॉक्टरांचं, पण हिशोब माहीत असलेला बरा. साध्या फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध देतात. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन असेल तर तीन दिवसांत सहा डोस: ३५ किलोंपुढच्या माणसाला २०/१२० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या एका वेळी, दुसरा डोस आठ तासांनी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. गोळी दुधाबरोबर किंवा स्निग्ध खाण्याबरोबर घ्यावी, रिकाम्या पोटी ल्युमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही. तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देणारे बरेच असतात आणि परजीवी उलटतो तो तिथेच.

शुद्ध हरपणं, वारंवार झटके, धाप, कावीळ, काळपट लघवी, उठून बसताही न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर गोळ्यांचा विचार सोडून रुग्णालय गाठायचं. तिथे आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागतं: २.४ मिलिग्रॅम प्रतिकिलो, सुरुवातीला, १२ तासांनी आणि २४ तासांनी, नंतर गोळ्या घेता येईपर्यंत रोज एकदा. २० किलोंखालच्या मुलांना ३ मिलिग्रॅम प्रतिकिलो.

व्हायवॅक्सला, जिथे क्लोरोक्वीन अजून लागू पडतं तिथे, तीन दिवसांत प्रतिकिलो १०, १० आणि ५ मिलिग्रॅम. पण त्याने फक्त रक्त साफ होतं. व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो आणि त्या झोपलेल्या परजीवीची रेघ कोणत्याच किटवर येत नाही. त्याच्यासाठी प्रायमाक्वीन, रोज ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, १४ दिवस. आधी जी-६-पीडी या विकराची तपासणी हवीच, कारण त्याची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. गरोदर स्त्रीला ती देत नाहीत. हा चौदा दिवसांचा कोर्स अर्धवट राहिला तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप परत येतो, डास पुन्हा न चावताही. अशा वेळी नवी कॅसेट जरूर वापरावी: पीएलडीएच जिवंत परजीवीबरोबरच येतं-जातं, त्यामुळे तेव्हा उमटलेली 'पीव्ही'ची रेघ जुन्या आजाराची सावली नसते.