इसब, महासाथ आणि मोबाइलवरचा त्वचारोगतज्ज्ञ : दीड वर्ष वापरलेल्या दूरसल्ला सेवेविषयी

मला लहानपणापासून अ‍ॅटोपिक डर्माटायटिस, म्हणजे घरात ज्याला नुसते ‘इसब’ म्हणतात, तो विकार आहे. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महासाथ जाहीर केली आणि थोड्याच दिवसांत माझ्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला. हात मात्र कधी नव्हे इतके धुवावे लागत होते. साबण बहुधा अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी. त्यामुळे वीस-वीस सेकंद फेस काढून दिवसभर हात धुतले, की विषाणूच्या स्निग्ध आवरणाबरोबर त्वचेतला स्निग्धांशही निघून जातो, आणि इसब असलेल्या त्वचेत तो मुळातच कमी असतो. एप्रिलअखेरीस माझ्या बोटांच्या सांध्यांवर अशा भेगा पडल्या होत्या की बाटलीचे झाकण फिरवतानाही रक्त येई. तेव्हा छायाचित्रे आणि व्हिडिओ कॉल यांवरून त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला देणाऱ्या एका सेवेत मी नाव नोंदवले.

सुरुवात वाईट झाली. अर्ज भरून मी रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेली तीन छायाचित्रे पाठवली. त्यांत सूज आणि लाली जवळजवळ दिसतच नव्हती. परिणामी उत्तरात फक्त मॉइश्चरायझर लावण्यास सांगितले गेले आणि माझे आठ दिवस वाया गेले. छायाचित्र कसे काढावे हे अर्जात कुठेही लिहिलेले नव्हते आणि अंधूक छायाचित्र परत पाठवण्याची तसदीही कोणी घेतली नाही. ज्या सेवेचे सारे निदान चित्रावर अवलंबून आहे, तिच्यात ही उणीव मला गंभीर वाटते.

दुसऱ्या वेळी भेटलेल्या डॉक्टरांनी ती भरून काढली. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, मलम लावण्यापूर्वी छायाचित्र काढावे, कारण मलमाची चकाकी पापुद्रे लपवते. एक चित्र पूर्ण हाताचे, एक जवळून आणि एक तिरक्या कोनातून असावे, म्हणजे त्वचा किती जाड झाली आहे ते कळते, असे त्यांनी सांगितले. सावळ्या त्वचेवर दाह लाल न दिसता जांभळट किंवा करडा दिसू शकतो, म्हणून जागा गरम लागते का, ताणल्यासारखी वाटते का, खाजेने झोपमोड होते का, हे शब्दांत लिहायला लावले. इतक्या वर्षांत माझ्या त्वचेचे असे नेमके वर्णन मी कधी केले नव्हते.

या सेवेचा मला सर्वांत मोठा लाभ झाला तो मलमाच्या प्रमाणाबाबत. स्टिरॉइडच्या भीतीने मी वर्षानुवर्षे ते पुसट लावत आले होते. डॉक्टरांनी कॅमेऱ्यासमोरच मला ट्यूब दाबायला लावली : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची एक पट्टी, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. माझ्या बोटावरची पट्टी त्याच्या पाव भागही नव्हती. पुरेसे मलम ठरावीक दिवस लावून दाह पूर्ण शमवायचा आणि मग नेहमी उसळणाऱ्या जागी आठवड्यातून दोनदाच लावायचे, अशी लेखी आखणी त्यांनी पाठवली. तो कागद अजून माझ्या कपाटाच्या दारावर आहे. हात दिसण्याइतके मळलेले नसतील तेव्हा साबणाऐवजी ग्लिसरीन असलेले सॅनिटायझर वापरावे, हा सल्ला मला आधी पटला नव्हता, कारण भेगांवर ते भयंकर झोंबते. मात्र झोंबले तरी ते साबण-पाण्याइतका स्निग्धांश काढून नेत नाही. धुवावेच लागले, तर कोमट पाण्याने धुवून, न घासता टिपून, लगेच सुगंधविरहित जाड मलम आणि रात्री वर सुती हातमोजे, या क्रमाने तीन आठवड्यांत भेगा मिटल्या.

पुढे मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबून दाह कमी करणारे औषध सुरू असताना कोविडच्या धास्तीने मी ते मनानेच बंद करण्याच्या बेतात होते. डॉक्टरांनी घाई न करता ऐकून घेतले, परस्पर बंद करू नये आणि संसर्ग झालाच तर लगेच कळवावे, मग थांबवायचे की नाही ते ठरवू, असे सांगितले. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्यांसाठी मात्र बाहेर पडावेच लागले. तिथे मोबाइलचा उपयोग नाही.

एकदा मनगटावर मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या आणि शेजारी लहान खोलगट व्रण उठले. डॉक्टरांनी ताप आहे का एवढेच विचारले आणि कॉल तिथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जाण्यास सांगितले, कारण इसबावर नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग पसरला तर तो झपाट्याने गंभीर होतो आणि जिवाणूंच्या संसर्गापासून तो नुसत्या चित्रावरून खात्रीने वेगळा ओळखता येत नाही. माझा संसर्ग जिवाणूंचाच निघाला. तरीही ती पाठवणी योग्यच होती, आणि या सेवेवरचा माझा विश्वास त्या दिवसापासून बसला.

निदान आधीच झालेले आहे आणि उपचार सांभाळायचे आहेत, अशांना मी ही सेवा निःसंकोच सुचवेन; नव्याने उठलेल्या अनोळखी पुरळासाठी किंवा बदलत जाणाऱ्या तिळासाठी नाही, तिथे डॉक्टरांचा हात त्वचेवर फिरायलाच हवा. छायाचित्रांच्या सूचना अर्जात घालाव्यात, असे मी सेवेला दोनदा लिहून कळवले आहे. अर्ज अजून तसाच आहे.