मराठी मुळाक्षरांची खाचेची लाकडी पाटी, घ्यावी का?

बालवाडीतल्या लेकीसाठी आम्ही ऑनलाईन मराठी मुळाक्षरांची लाकडी पाटी मागवली, म्हणजे ती खाचा कोरलेली असते ना, ज्यात लाकडी काडी फिरवत अक्षर गिरवायचं, ती. एका बाजूला अ ते अः, दुसऱ्या बाजूला क ते ज्ञ. बऱ्याच जणींनी विचारलं कशी आहे, आम्ही पण मागवू का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आणि घ्याच म्हणेन, पण ऑर्डर करण्याआधी फोटो झूम करून अक्षरं नीट बघा.

आधी चांगलं काय ते सांगते. कागदावर गिरवताना पेन्सिल सुटते, रेघेबाहेर जाते आणि मग पोरं वैतागून वही ढकलून देतात, इथे काडी खाचेतच राहते त्यामुळे वळण हाताला आपोआप कळत जातं. डोळा पुढचं वळण बघतो आणि हात त्याच्या मागे जातो, हेच तर व्हायला हवं असतं या वयात. मोबाईलवरची गिरवायची ॲप पण आम्ही वापरून बघितली, पण काचेवर बोट नुसतं सरकतं, हाताला काही अडत नाही, आणि थोडं इकडेतिकडे गेलं तरी टाळ्या वाजतात. लाकडात तसं चालत नाही, वळलं नाही तर काडी अडते.

आमच्या पाटीची खाच चांगली रुंद आहे, लहान मुलाचं बोट आरामात बसतं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण काडीच्या आधी बोटानेच गिरवायला द्यायचं. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत खरखरीत सँडपेपरची अक्षरं असतात, मूल त्यावरून दोन बोटं फिरवतं आणि सोबत त्या अक्षराचा आवाज तोंडाने म्हणतं, लिहिणं त्यानंतर. आम्ही तसंच केलं, बोट फिरव आणि 'ग' म्हण, 'म' म्हण. अ आ इ पासून सुरुवात केलीच नाही, ग म भ न ने केली, आपल्याकडे शाळेतही हा क्रम वापरतात कारण वळणं सोपी आहेत, शेवटी काना सगळ्यांनाच आहे आणि चार अक्षरं आली की नभ, मन, गगन असे शब्द लगेच वाचता येतात. अ आणि इ ची वळणं लहान हाताला खरंच अवघड जातात.

आता उणीव. आमच्या पाटीवर बाण नाहीत, म्हणजे अक्षर कुठून सुरू करायचं आणि कुठे जायचं हे मुलाला कळतच नाही. क बघा. आधी डावीकडचा गोल, मग उभा काना, मग उजवीकडचं वळण आणि शेवटी डोक्यावरची रेघ. पण कोरताना या सगळ्या खाचा मधोमध एकमेकींना मिळतात आणि नेमकं तिथे आलं की लेकीची काडी गोल सोडून सरळ कान्यातून खाली घसरायची. झ ला तर आणखी गोंधळ. शेवटी मी लाल स्केचपेनने सुरुवातीच्या जागी ठिपके दिले आणि दांड्यांच्या बाजूला छोटे बाण काढले, त्यानंतर फरक पडला. कोणी बसून दाखवणारं नसेल तर मूल खालून वर, उजवीकडून डावीकडे, कसंही गिरवतं आणि तीच सवय हाताला लागते, मग पहिलीत गेल्यावर मोडायला त्रास. त्यामुळे पाटी हातात देऊन आपण स्वयंपाकाला लागायचं असं निदान सुरुवातीला तरी करू नका.

आणि अक्षरांचं वळण! मी तीन-चार विक्रेत्यांचे फोटो बघितले, वर मोठ्या अक्षरात मराठी लिहिलेलं आणि आत सगळी हिंदी पाटी, काना असलेला ल, गाठीचा श, आणि ळ चा तर पत्ताच नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिलीय, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, ॲ आणि ऑ पण आहेत. शाळेत एक ल आणि घरी दुसरा ल असं झालं तर चार वर्षांच्या मुलाने करायचं काय? बाळ, फळा, शाळा, कावळा, मुलांचे रोजचे शब्द आहेत हे, ळ नसलेली पाटी मराठी कशी म्हणायची! आमच्या पाटीत ल, श, ळ तिन्ही बरोबर आहेत, ॲ ऑ मात्र नाहीत.

सोबत आलेली काडी मात्र जाडजूड आणि लांब निघाली, मुठीतच धरली जाते. ती बाजूला ठेवली आणि खडूचा छोटा तुकडा दिला. तुकडा लहान असला की मूठ करताच येत नाही, अंगठा आणि दोन बोटांतच धरावा लागतो, पेन्सिलची पकड अशी छान तयार होते. तुटके क्रेयॉन पण म्हणून फेकू नका. खाचेत खडूची पूड साचते, जुन्या टूथब्रशने झाडली की झालं.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते, एकट्या पाटीने हात तयार होत नाही. बोटांत जोर यायला मटार सोलणं, मेथी निवडणं, कणकेचे गोळे, मणी ओवणं, कात्रीने कागद कापणं हे सगळं रोज हवं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा खडे, पानं, बिया, शिंपले, माती यातूनच साहित्य उभं केलं होतं, महागाची साधनं परवडणारी नव्हतीच. म्हणून ज्यांना पाटी घेणं जमत नाही त्यांनी अजिबात वाईट वाटून घेऊ नका, ताटात रवा पसरून बोटाने ग काढला तरी काम तेच होतं. आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलाला अक्षरांची घाई तर नकोच.

मागवताना विक्रेत्याला दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागा. ल, श, ळ बघा, बाण आहेत का बघा, कडा घासून गुळगुळीत केल्यात का आणि रंग कोणता वापरलाय ते विचारा, कारण हे सगळं तोंडात जातं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यात सूट आहे, तेव्हा मार्क दिसला नाही तर तेही विचारून घ्या. फोटो द्यायला टाळाटाळ करत असतील तर दुसरीकडे बघा.