४ स्टार, पाचवा त्या क्यूआर कोडने खाल्ला

पप्पा मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते, ३१ वर्षं. चालत्या बसमध्ये, गर्दीत, दिवे मिणमिणत असताना तिकिटावरचा बारीक आकडा वाचणारा माणूस, आणि आता शुगरच्या गोळ्यांच्या पट्टीवर काय छापलंय ते दिसत नाही आणि दिसत नाही हे कबूल पण करायचं नाही. त्यामुळे रिव्ह्यू खरा पप्पांचाच आहे, टाईप मी करतोय एवढंच.

पूर्व उपनगरातला आमच्या एरियातला सरकारी दवाखाना, स्टेशनवरून रिक्षाने मिनिमम भाड्यात होतो. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे थोडी तक्रार पण आहे आणि तिथल्या सिस्टरना माझ्यामुळे वरून बोलणी बसायला नकोत.

तिथे जायची वेळ का आली ते आधी सांगतो. पप्पांचं आधी एका प्रायव्हेट क्लिनिकमध्ये चालू होतं. तिथल्या चिठ्ठीवर एका गोळीपुढे ओडी आणि दुसरीपुढे बीडी. पप्पा चिठ्ठी लांब धरून म्हणाले, "बीडी? ती तर मी तुझ्या बारशालाच सोडली." आम्ही सगळे हसलो आणि विषय तिथेच संपला, आणि पुढचे जवळजवळ तीन आठवडे दिवसातून दोनदा घ्यायची गोळी ते एकदाच घेत होते. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा (पप्पांच्या मते टीडीएस म्हणजे पगारातून कापतात तो), एसओएस म्हणजे लागली तरच. मूळ लॅटिन आहे म्हणे. डॉक्टर आणि केमिस्ट आपापसात काय लिहायचं ते लिहोत हो, पण गोळी गिळणाऱ्याला कोणीतरी मराठीत सांगाल की नाही. शुगर उतरली नाही म्हणून डोस वाढवला, तेव्हा बायकोने पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि भांडं फुटलं.

तर आता दवाखाना. केसपेपरची खिडकी, लाईन, बाकडं, पंखा आवाज करणारा, हे सगळं तुम्हाला माहितीय, त्यावर वेळ घालवत नाही. डॉक्टर चांगले आहेत पण घाईत असतात, बाहेर तेवढी माणसं बसलेली असतात. खरी मजा औषधाच्या खिडकीवर. गोळ्या छोट्या कागदी पाकिटात देतात आणि पाकिटावर चित्र, सकाळची असेल तर सूर्य, रात्रीची असेल तर चंद्र. मला वाटलं वा, काय सोपं काम. पप्पांनी पाकीट उलटसुलट केलं आणि विचारलं, "हा सूर्य सकाळचा की दुपारचा?"

शेजारी उभ्या सिस्टर एक सेकंद गप्प झाल्या. मग पेन काढून सूर्याच्या बाजूला चहाचा कप काढला, कान असलेला, वर वाफ पण. त्याच्याआधी एक गोळी काढली आणि म्हणाल्या, "काका, ही चहा-नाश्त्याच्या आधी." दुसऱ्या पाकिटावर दोन ताटं काढली आणि ताटांच्या नंतर गोळी. दोन्ही वेळा जेवून झालं की, उपाशीपोटी नाही. बीपीच्या पाकिटावर नुसता कप. झालं काम. त्या दिवसापासून पप्पा गोळीला नावाने ओळखत नाहीत, "कपवाली घेतली, ताटवाली राहिली" असं चालतं घरी. आणि एकदाही चुकलेली नाही.

मग सिस्टरनी विचारलं, "काका, घरी गेल्यावर काकूंना काय सांगणार? मला सांगा बघू." मी मनात म्हटलं आता पप्पा भडकणार, परीक्षा घेते काय म्हणून. पण त्यांनी सांगितलं, आणि त्यातच कळलं की ते उपवासाला नाश्ता-जेवण चुकवणार आणि शुगरची कपवाली मात्र नेमाने घेणार होते. ती गोळी शुगर खाली आणणारी, पोटात काही नसेल तर शुगर भलतीच खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. हे आम्हाला मिळालेल्या छापील पत्रकात कुठेही नव्हतं. त्यात होतं "संतुलित आहार घ्यावा व गोड पदार्थ टाळावेत". आमच्या घरी संकष्टी आणि दोन एकादश्या असतात आणि साबुदाण्याच्या खिचडीला कोणी गोड पदार्थ म्हणत नाही! सिस्टरनी सरळ सांगितलं, साबुदाणा नुसता स्टार्च आहे, शुगर चढणार, उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवा, आणि असं थरथरायला लागलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या आणि मग दवाखाना गाठा. विचारलं नसतं तर हे आम्हाला आषाढीच्या दिवशी कळलं असतं, आणि कसं कळलं असतं ते नकोच.

एचबीएवनसीचा रिपोर्ट पण असाच. उपाशीपोटीची शुगर त्या दिवशी चांगली आली होती म्हणून पप्पा खूष, आणि हा दुसरा आकडा ८ च्या वर. सिस्टर म्हणाल्या ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, आदल्या दिवशी उपाशी राहून सुधारत नाही. पप्पा लगेच, "म्हणजे एका फेरीचा गल्ला बघून डेपोला कळत नाही, सगळी वेबिलं काढायला लागतात." सिस्टरना वेबिल (कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद) काय ते कळलं नाही, पण मान हलवली.

अजून एक गोष्ट आवडली ती बाहेरचा फळा. जुलैतला पाऊस, सबवेत पाणी, आणि दारात खडूने लिहिलेलं: "पाण्यातून चालत आलात? पायाला जखम आहे? ७२ तासांच्या आत येऊन डॉक्टरांना दाखवा." खाली हिंदीत तेच. बस. उंदराच्या लघवीतले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू साचलेल्या पाण्यात असतात, पायाच्या चिरेतून शिरतात, वेळेत डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली तर आजार टळू शकतो, पण त्यासाठी माणूस ताप यायच्या आधी आला पाहिजे ना. शेजारीच मोठा छापील फ्लेक्स आहे, "दूषित पाण्याशी संपर्क आल्यास प्रतिबंधात्मक उपचार घेण्याची दक्षता घ्यावी". मी एम.कॉम. आहे तरी दोनदा वाचला. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, पप्पा बस सोडून कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले होते. त्यानंतर शहरात लेप्टोची साथ आली. तेव्हा आमच्या चाळीत गोळीचं कोणाला माहीतच नव्हतं, सगळ्यांनी गरम पाण्याने पाय धुतले आणि झोपले. तो खडूचा फळा बघून पप्पा बराच वेळ तिथेच उभे होते.

आता स्टार कापला त्याबद्दल. डायबेटीसच्या पोस्टरवर कोणीतरी "अधिक माहितीसाठी स्कॅन करा" म्हणून क्यूआर कोड छापलाय. पोस्टर लावलंय दाराच्या मागे, म्हणजे दार बंद केल्याशिवाय दिसत नाही आणि दार बंद केलं की लोक ओरडतात. तरी स्कॅन केला. जाडजूड पीडीएफ उघडली, सगळी इंग्लिशमध्ये, आणि आत रेंज नाही त्यामुळे गोल गोल फिरत बसली. ज्याला शुगरचा आकडा कळत नाही तो माणूस हे वाचणार? आभाचं, म्हणजे सरकारच्या आरोग्य खात्याच्या नंबरचं, पण तेच. खिडकीवर "आभा कार्ड काढा" लिहिलंय, पण कशाला काढायचं ते एक ओळ नाही. मला माहितीय की तो १४ आकडी नंबर असतो, रिपोर्ट एकीकडे जोडता येतात, फुकट आहे आणि सक्ती नाही. पण लाईनमधल्या आजी मला विचारत होत्या, "हे नाही काढलं तर औषध बंद होईल का रे?" त्या घाबरल्या होत्या हो. आणि आधारवरून काढायचं तर मोबाईलवर ओटीपी येतो, पप्पांच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर, ओटीपी कोणाला जातोय देव जाणे.

बाकी फाईलच्या कव्हरवर सिस्टरनी मार्करने मोठ्या अक्षरात १०८ लिहून पुढे अ‍ॅम्ब्युलन्सचं चित्र काढून दिलं, आणि खाली १४४१६, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, मन लागत नसेल तर. रिटायर झाल्यावर पप्पांचं लागत नव्हतं, ते त्यांना कसं कळलं माहीत नाही, मी तरी सांगितलं नव्हतं. या नंबरवर मराठीत बोलता येतं. पप्पांनी अजून लावलेला नाही, पण नंबर पाठ आहे.

जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका. जुना केसपेपर न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आणि वाचायचा चष्मा न्या. पप्पांचा त्या खिडकीवर दोनदा राहिला आणि दोन्ही वेळा जागेवर मिळाला.